नऊ नंबरची घंटी

लिफ्टची वाट बघताय ना? ती काही लगेच येत नाही, वर कुठेतरी स्ट्रेचर चढवतायत. तोवर जरा इकडे, या काचेच्या कपाटाकडे बघा. लाल मखमलीवर उभ्या केलेल्या स्टँडला जो लटकलाय, ज्याच्या पोटावर आकडे आहेत आणि ज्याच्या आकड्याला सलाईनची बाटली अडकवलीय, तो मी. मी काटा बोलतोय. पुस्तकात मला ताणकाटा म्हणतात म्हणे, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही.

खालची पितळी पट्टी वाचत बसू नका. ‘कर्मचारी नवकल्पना पुरस्कार, प्रथम क्रमांक’ असं तिच्यावर कोरलंय. खोटं काही नाही त्यात. पण जे सांगायला हवं होतं ते तिच्यावर नाही, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय. जरा भरभर सांगतो, माझ्याकडे वेळ कमी आहे. का कमी आहे ते कळेल तुम्हाला.

माझा जन्म उल्हासनगरचा, कॅम्प पाचमधला. एका सिंधी शेठचा कारखाना होता, कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या आणि एक पत्र्याची पडवी. शेठ प्रत्येक काटा बाहेर पाठवायच्या आधी स्वतः हातात धरायचे, खाली एक वजन अडकवायचे आणि म्हणायचे, “काटा सच्चा तो धंदा सच्चा, साईं.” आमच्या गावच्या मालाला बाहेरचे लोक हसतात. हसू देत. मी त्या शेठच्या हातून पास झालेला काटा आहे, मला कुणाची लाज नाही.

मी लहान मापाचा, पाच किलोपर्यंतचा. म्हणून मला रद्दीच्या ढिगाऱ्यात कुणी घातलं नाही. अंबरनाथला स्टेशनच्या पूर्वेला जनूचं भंगाराचं दुकान आहे, तिथे मी तांबं-पितळ तोलायला लागलो. जळालेल्या मोटारीची तार, फुटका तांब्या, नळाच्या तोट्या. वजन करताना माणसं कशी बघतात ठाऊक आहे? विकणारा आकड्याकडे बघतो आणि घेणारा विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. अकरा वर्षं मी हेच बघितलं.

मग माझी स्प्रिंग ढिली पडली. वय झालं की व्हायचंच. थोडंसं वजन लावलं तरी मी फार खाली जायला लागलो, म्हणजे अर्धा किलोला पाऊण किलो दाखवायला लागलो. कमी दाखवलं असतं तर जनूने मला डोक्यावर घेऊन नाचवलं असतं! पण तो माल घेणारा, त्याच्या नुकसानीचा काटा त्याला कसा चालेल? “च्यायला, हा तर गिऱ्हाइकाला फितूर झाला,” असं म्हणून त्याने मला भंगारात फेकलं. भंगार तोलणारा मी, भंगारात पडलो.

तिथून मला उचललं द्रौपदीने.

द्रौपदी या रुग्णालयात आयाबाई आहे. सगळे तिला मावशी म्हणतात. राहते कॅम्प पाचलाच, एकटी. इथे लागण्याआधी ती घरी बसून दाराच्या घंट्या जोडायची. सेलवर चालणारी घंटी असते ना, तिच्या आत पितळेच्या दोन पातळ पट्ट्या असतात. त्या एकमेकींना भिडल्या की घंटी वाजते, लांब गेल्या की गप्प. असल्या हजारो पट्ट्या तिने बसवल्या होत्या. त्या दिवशी ती जनूकडे जुना पंखा विकायला आली होती.

“जय भीम, जनूभाऊ. हा काटा का टाकलात?”

“ढिला झालाय. आता बाटलीभर पाण्याला पण खाली लोंबतो.”

द्रौपदी एकदम थांबली. “बाटलीभर पाण्याला? खरंच?” तिने मला उचललं, स्वतःची पाण्याची बाटली माझ्या आकड्याला अडकवली. मी लोंबलो. तिने थोडं पाणी ओतून दिलं, मी वर सरकलो. आणखी ओतलं, आणखी सरकलो. जनू बघतच राहिला. “मावशी, ऊन लागलं काय?” पण मावशी हसत होती. जनूने मला पंख्यावर फुकट दिलं.

तिला मी का हवा होतो, ते सांगतो.

तुम्ही कधी आपल्या माणसाच्या उशाशी बसला असाल, तर तुम्हालाही सिस्टरने सांगितलं असेल, “बाटली संपली की सांगा.” वॉर्डात खाटा तीस आणि सिस्टर एक. ती किती बाटल्यांकडे बघणार? म्हणून बघायचं काम नातेवाइकांचं. बायको बघते, मुलगा बघतो, मान वर करून करून मानेला रग लागते. बाटली रिकामी झाली आणि कुणी बघितलं नाही, तर रक्त उलटं नळीत चढतं, तिथेच गोठतं आणि शीर बंद पडते. मग नवी शीर शोधा, परत टोचा. म्हाताऱ्या माणसाची शीर सापडता सापडत नाही. हे सगळं ठीक आहे हो. पण ज्याच्या उशाशी कुणीच नाही, त्याने काय करायचं? बनूबाई नावाची एक फुलवाली होती, तिला कुणी नव्हतं. तिची बाटली दोनदा रिकामी राहिली. तिचा हात कोपरापर्यंत सुजला होता आणि ती द्रौपदीलाच म्हणाली, “माफ कर गं, मला झोप लागली.” ते द्रौपदीच्या मनाला लागून राहिलं होतं.

तीन सुट्ट्या घालवून तिने मला घडवलं. माझ्या पाठीला दाराची घंटी बांधली. एक पट्टी माझ्या अंगाला, एक माझ्या आकड्याच्या दांड्याला. बाटलीत चार बोटं पाणी उरलं की मी वर सरकतो, पट्टीला पट्टी भिडते आणि मी ओरडायला लागतो. जनूला नको असलेला माझा ढिलेपणाच तिच्या कामाचा ठरला. मला तेव्हा काय वाटलं सांगू? आयुष्यभर मी दुसऱ्यांचं वजन सांगितलं, पहिल्यांदाच माझं वजन कुणाला तरी वाटलं.

उमा सिस्टरने आधी डोळे वटारले. “मावशी, हे काय लटकवलंयत? राउंडला डॉक्टर आले तर माझी फजिती होईल.” पण मी दोन दिवसांत सहा वेळा वाजलो आणि सहाही वेळा बाटली वेळेवर बदलली गेली. मग सिस्टरच म्हणायला लागली, “काटा कुठाय? एकट्या पेशंटला लावा.” मी एकच होतो. ज्याचं कुणी नाही त्याच्या खाटेला मी, असा वॉर्डाचा नियमच पडला. सहा महिने मी असा खाटेखाटेवरून फिरलो. वाजलो की द्रौपदी हातातलं टाकून धावायची, जेवत असली तर खरकट्या हाताने.

मग नऊ नंबरच्या खाटेवर धोंडिबा आले.

धोंडिबा बदलापूरच्या पलीकडल्या गावचे. तरणेपणी इकडे आले आणि एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या मागच्या गेटवर कंत्राटी वॉचमन म्हणून राहिले, ते सत्तरीपर्यंत. बायको गेली, मूल झालं नाही. जुलाबांनी पार गळून गेले होते, वर किडनीचा त्रास. प्रेशर खाली उतरलेलं. आयसीयूत खाट नव्हती म्हणून जनरल वॉर्डातच ठेवलेलं आणि प्रेशर धरून ठेवायचं औषध बाटलीतून थेंब थेंब चालू होतं. ती बाटली थांबू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

पहिल्या दिवशी ते डोळे मिटायला तयार नव्हते. बाटलीकडे टक लावून.

“बाबा, झोपा ना.”

“झोपू कसा गो बाय? मना कोन हाय? बाटली सपली तं कोन बघल?”

द्रौपदीने मला त्यांच्या स्टँडला लावलं, एकदा वाजवून दाखवलं. “हा बघेल. हा वाजला की मी आले म्हणून समजा. कुठेही असले तरी येईन.”

“नक्की?”

“नक्की, बाबा.”

म्हातारा झोपला. चार दिवस तो माझ्या भरवशावर झोपला. मधेच डोळे उघडून माझ्याकडे बघायचा, हसायचा, परत मिटायचा. डॉक्टर म्हणाले, प्रेशर सावरतंय, आणखी आठवडा असाच गेला तर घरी पाठवू. घरी म्हणजे कुठे, ते कुणी विचारलं नाही, पण द्रौपदीने मनात ठरवलं होतं की थोडे दिवस आपल्याकडेच ठेवायचं.

आणि तेवढ्यात माझं नशीब उजळलं. आग लागो असल्या उजळण्याला!

या रुग्णालयाला एक मोठी कंपनी देणगी देते. सामाजिक जबाबदारी म्हणतात त्याला. हो, तीच कंपनी, जिच्या मागच्या गेटवर धोंडिबा उभे राहायचे. त्या कंपनीकडून प्राची मॅडम धोंडिबांच्या आधीच, दोन महिन्यांपूर्वी, येऊन गेल्या होत्या. बाई वाईट नाही, खोटं कशाला बोलू. वॉर्डात मला बघितल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मावशी, हे तुम्ही केलंत? एकटीने?” म्हणाली. तिने फोटो काढले, फॉर्म भरला, द्रौपदीची सही घेतली. कर्मचाऱ्यांच्या कल्पनांची स्पर्धा होती, त्यात आता आम्हाला पहिलं बक्षीस लागलं. द्रौपदीने तो कागद घरी नेऊन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवला. आयुष्यात तिला पहिल्यांदा कुणी ‘वा’ म्हटलं होतं.

समारंभ शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, इथेच खाली, या हॉलमध्ये. सकाळी साडेदहाला प्राची मॅडम वॉर्डात आल्या. “मावशी, काटा घ्यायला आले.”

द्रौपदीचा चेहरा उतरला. “मॅडम, बाबांना लावलाय. फोटो दाखवला तर नाही का चालणार?”

“असं काय करता? कंपनीचे मोठे साहेब खास बघायला येतायत. तासाभराचा तर प्रश्न आहे, मी स्वतः वर आणून देते. आणि तुमचाच सत्कार आहे मावशी, तुम्ही अशा गणवेशात? साडी आणलीय ना?”

आणली होती. निळी, काठाची, भाच्याच्या लग्नातली. द्रौपदीने एकदा साडीच्या पिशवीकडे बघितलं, एकदा धोंडिबांकडे. तिलाही वाटलं हो. का वाटू नये? माणूसच आहे ती. तिने शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या सुनेला, सोनियाला, विचारलं.

“सोनिया, बाबांच्या बाटलीकडे बघशील? इथपर्यंत आली की खाली येऊन मला सांग.” तिने पेनाने बाटलीवर रेघ मारून दिली.

“मावशी, तुम जाओ बिनधास्त. मैं हूँ ना. बघते मी.”

“बाबा, हा आत्ता येतो हं. तोवर सोनिया आहे.”

मला स्टँडवरून काढताना धोंडिबांनी हात थोडा उचलला आणि परत चादरीवर ठेवला.

आता पुढची गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली, करंटेपणा. खाली शंभर खुर्च्या मांडल्या होत्या आणि भरल्या होत्या तीस. साहेबांची गाडी शहाडपर्यंत आल्याचा फोन आला. रिकाम्या खुर्च्यांचा फोटो कसा निघणार? कुणीतरी डोकं लढवलं, पेशंटच्या नातेवाइकांना बोलवा. नाश्त्याची पाकिटं मागवलेलीच होती. मजल्यामजल्यावर सांगितलं गेलं, “खाली कार्यक्रमाला या, सगळ्यांना नाश्ता आहे.” रोज वडापाववर दिवस काढणारी ती माणसं, का नाही उतरणार? उतरली, पटापट उतरली. वॉर्डातली एकूण एक बायको, मुलगा, भाऊ, मान वर करून बसणारे सगळे खाली. सिस्टरलाही गुच्छाचं तबक धरायला बोलावलं. आणि सोनिया? सकाळपासून उपाशी होती पोर. दोन मिनिटांत पाकीट घेऊन येते म्हणून उतरली आणि गर्दीत मागच्या रांगेत अडकली. मी तिला इथून बघत होतो, हातात ढोकळा घेऊन टाचा उंचावून उभी होती.

एकट्या पेशंटवर लक्ष ठेवणाऱ्या काट्याचं कौतुक करायला, एकट्या पेशंटला एकटं टाकून सगळी माणसं खाली आली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात ते हेच.

भाषणं झाली. ‘तळागाळातली प्रतिभा’ वगैरे. मग माझं प्रात्यक्षिक. निळं पाणी भरलेली बाटली मला लावली, साहेबांनी नळीचं चाक फिरवलं, खाली बादलीत पाणी पडायला लागलं. मी वर सरकत गेलो. चार बोटं उरली आणि मी वाजलो.

द्रौपदी पहिल्या रांगेत बसली होती, निळ्या साडीत. मी वाजलो आणि ती उठली. विचार न करता, सहा महिन्यांच्या सवयीने, ताडकन उठली आणि जिन्याकडे धावत सुटली. सगळा हॉल हसला. माइकवरचा माणूस म्हणाला, “बघा बघा, मावशी निघाल्या! अहो मावशी, इथेच वाजतेय, इथे!” टाळ्या पडल्या. द्रौपदी तिसऱ्या पायरीवर थांबली. मागे वळली. लाजली. आणि पदर तोंडाला लावून हसत हसत परत येऊन बसली.

तिसऱ्या पायरीवरून परत आली हो ती. मी वाजत होतो, घसा फाटेस्तोवर वाजत होतो, पण मला तरी कुठे ठाऊक होतं वर काय चाललंय ते? मी नुसता शिकवल्याप्रमाणे वाजत होतो. आवाजाने भाषण ऐकू येईना म्हणून कुणीतरी घाईघाईने दुसरी भरलेली बाटली माझ्या गळ्यात अडकवली आणि मी गप्प झालो. फोटोवाला म्हणाला, “सर, एकदा परत, चाकावर हात ठेवून.” साहेबांनी परत चाक फिरवलं, हसले, चाक सोडलं. मग शाल, नारळ, प्रमाणपत्र, सगळ्यांचा एकत्र फोटो.

पुढचं मी बघितलेलं नाही. ते द्रौपदीने मला नंतर सांगितलं, काच पुसता पुसता, तुकड्या-तुकड्याने.

ती शाल-नारळ घेऊन वर गेली ती बाबांना दाखवायला. वॉर्डात फक्त पेशंट होते. नऊ नंबरची बाटली कोरडी होती आणि नळी वरपर्यंत लाल झाली होती. धोंडिबांचे ओठ पांढरे, अंग गार. नारळ तिच्या हातातून खाटेखाली घरंगळला. “सिस्टर! सिस्टर!” ते ओरडणं जिन्यातून खाली पोचलं आणि उमा सिस्टर तबक टाकून धावली. शीर बंद. उजव्या हाताला टोचलं, मिळेना. डाव्या हाताला चार वेळा टोचलं, मिळेना. डॉक्टर कंपनीच्या साहेबांना गाडीपर्यंत सोडायला गेले होते, ते येईस्तोवर आणखी वेळ गेला. शेवटी पायाच्या घोट्याजवळ एक शीर सापडली. सोनिया भिंतीला टेकून रडत होती, “मावशी, दोनच मिनिटं गेले होते गं, दोनच मिनिटं.” तिला कुणी काही बोललं नाही.

दुपारी चारला धोंडिबांनी डोळे उघडले. द्रौपदी तशीच बसली होती, निळ्या साडीत.

“घंटी आली नाय गो बाय,” ते म्हणाले. “मी वाट बघली.”

“वाजली होती, बाबा,” द्रौपदी म्हणाली. “खाली वाजली.”

त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. कागदावर किडनीचं कारण लिहिलं, ते खोटं नाही. कदाचित ते तसेही गेले असते. द्रौपदीला सगळे हेच सांगतात. ती मान हलवते आणि मग मला विचारते, “मी तिसऱ्या पायरीवरून का रे परत आले?” मी काय सांगणार? मला वाजता येतं, उत्तर देता येत नाही.

तासाभरात मला वर आणून देणार होत्या ना प्राची मॅडम? साहेबांना मी इतका आवडलो की त्यांनी जाता जाता सांगितलं, याला दर्शनी भागात ठेवा, येणाऱ्या पाहुण्यांना प्रेरणा मिळेल. चार दिवसांत हे काचेचं कपाट आलं. मला पॉलिश केलं, भरलेल्या बाटलीसकट आत उभं केलं आणि कुलूप लावलं. किल्ली कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात. पाठोपाठ पत्रक निघालं की तपासणी होऊन मंजुरी येईपर्यंत घरी बनवलेली कुठलीही वस्तू वॉर्डात लावू नये. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तपासा ना, जरूर तपासा! पण कपाटात कुलूप लावून कशी तपासणार?

द्रौपदीने दुसरा काटा करून बघितला, पत्रकाला न जुमानता. माझ्या शेठकडूनच नवा आणला. त्याची स्प्रिंग कडक, बाटलीभर पाण्याला तो हलतच नाही. आणखी दोन आणले, तेही तसलेच. माझ्यासारखा ढिला व्हायला त्यांना अकरा वर्षं जनूकडे राहावं लागेल. मग ती प्राची मॅडमकडे गेली. “मॅडम, शाल घ्या परत, कागद घ्या परत. मला माझा काटा द्या.” धोंडिबांचं मॅडमच्या कानावर गेलं होतं. म्हणाल्या, “मावशी, मी रोज लिहितेय वर. ते म्हणतात, आता मोबाइलवर निरोप जाणारा आधुनिक नमुना बनवतायत, शंभर देणार आहेत. प्रक्रिया चालू आहे.” चालू असेल. कंपनीच्या चकचकीत पुस्तकात मुखपृष्ठावर मी आलोय. वर वॉर्डात मात्र बाटल्या रिकाम्या होतायत.

आता द्रौपदी ड्यूटी संपली तरी घरी जात नाही. एकट्या पेशंटच्या खाटेशी स्टूल घेऊन बसते, माझं काम स्वतः करते. गुडघे सुजलेत तिचे. परवा बसल्या बसल्या तिला डुलकी लागली आणि दचकून उठली तेव्हा बाटलीत दोनच बोटं उरली होती. तेव्हापासून ती स्वतःला चिमटे काढत बसते. नऊ नंबरला सध्या गंगू नावाची म्हातारी आहे, बदलापूरला भाजी विकायची, कुणी नाही तिला. तिला द्रौपदीने काहीही वचन दिलेलं नाही. देण्याची हिंमतच राहिली नाही तिच्यात.

आता तुम्हाला खरं सांगतो, वेळ का कमी आहे ते. इकडे जवळ या. माझ्या बाटलीच्या नळीचं ते चाक दिसतं? फोटोसाठी साहेबांनी फिरवलं होतं तेच. ते त्यांनी नीट बंद केलं नाही. सव्वा महिना झाला, बाटलीतलं पाणी थेंब थेंब गळतंय. इतकं हळू की कुणाला दिसत नाही. मखमल भिजते, कपाटाखाली ओल येते, लोकांना वाटतं एसीचं पाणी. द्रौपदी रोज सकाळी पुसते.

मागच्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं. फडकं हातात धरून ती बाटलीकडे बघत राहिली, मग चाकाकडे, मग माझ्याकडे. इकडेतिकडे कुणी नाही बघून काचेला तोंड लावून हळूच म्हणाली, “गप बस हं. कुणाला सांगू नकोस.” आणि ओल पुसून निघून गेली.

आता पाच बोटं उरलीत. चार झाली की पट्टीला पट्टी भिडेल. समारंभाला नवे सेल घातले होते, पण न वापरताही सेल म्हातारे होतात आणि मला सारखी धास्ती वाटते, की तोंड उघडायची वेळ आली आणि आवाजच निघाला नाही तर? निघाला, तर मात्र मी थांबणार नाही. मला गप्प करायचं तर बाटली बदलावी लागेल, बाटली बदलायला कुलूप उघडावं लागेल आणि किल्ली आहे मुंबईला. या हॉलमध्ये एवढा गोंगाट किती तास सहन करतील? काच फोडतील. फोडू देत. मला उचलून भंगारात फेकलं तरी चालेल, तिथून मला उचलणारी एक बाई आहे.

तुमची लिफ्ट आली वाटतं. जा. पण तुमचं माणूस इथे असेपर्यंत तुम्ही जाऊन-येऊन असाल, म्हणून एवढंच मागतो. एखाद्या दिवशी या हॉलमध्ये घंटी वाजायला लागली, तर माझ्याकडे बघत उभे राहू नका. मोबाइल काढू नका, हसू नका. आणि जिन्याकडे कुणी बाई धावत निघाली, तर तिला परत बोलावू नका. तिच्या मागे धावा. दुसरा मजला, डावीकडे, नऊ नंबर.